नोव्हेंबरची यादी

माझं नाव दुसऱ्या ओळीत असायला हवं होतं, ते पहिल्या ओळीत होतं. झालं ते एवढंच. मंगळवारची सकाळ, साडेनऊचा सुमार, बॉस्टनमधल्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा तिसरा मजला. खिडकीखाली एप्रिल लागला तरी न वितळलेला, धुरानं काळा पडलेला बर्फाचा ढीग, आणि माझ्या हातात फोन. आई सोमवारी पहाटे गेली हे मला ठाऊक होतं. एंडानं, माझ्या धाकट्या भावानं, कळवलं होतं, आणि मी सोमवारचा दिवस रडून काढला होता. फोनवर तिच्या निधनाची सूचना उघडली ती फक्त उद्याची प्रार्थना किती वाजता आहे ते बघायला. आमच्या आयर्लंडात, स्लायगोकडे, माणूस गेलं की गावचा अंत्यविधीवाला दुपारच्या आत त्याची सूचना इंटरनेटवर टाकून मोकळा होतो आणि सारा तालुका ती चहाबरोबर वाचतो. तिच्यात दोन ओळी ठरलेल्या असतात. आधी गेलेल्यांची पहिली, मागे राहिलेल्यांची दुसरी. परदेशी असलेल्यांच्या नावापुढे गावाचं नाव घालतात, म्हणजे ते का आले नाहीत हे कुणाला विचारावं लागत नाही. मी सरळ दुसऱ्या ओळीवर गेले, कारण तिथे मी ‘अट्रॅक्टा, बॉस्टन’ अशी असणार होते. तिथे एंडा होता, त्याची बायको बर्नी होती, नातवंडं होती, शेजारी होते, नर्सिंग होमच्या परिचारिकासुद्धा होत्या. मी नव्हते. मग वर पाहिलं. ‘पती टॉमी, बहीण डेलिया आणि लाडकी मुलगी अट्रॅक्टा यांच्या मागोमाग.’ मी ते तीनदा वाचलं. राग आला असता तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. पुढ्यातल्या टेबलावरच्या मुलीनं माझ्या फोनकडे पाहिलं तर नाही ना, म्हणून मी चोरासारखी तो पालथा घातला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल बोलत आले होते. ‘लाडकी’ हा शब्द मात्र पुन्हा फोन उलटा करून एकदा पाहून घेतला. जिवंतपणी आईनं तो माझ्याबाबत कधी वापरल्याचं मला आठवत नव्हतं.

गंमत अशी की त्या क्षणी माझ्यासमोर जो निबंध उघडा होता तो याच विषयावरचा होता, आणि दुपारी अडीचला मला तो वर्गात वाचायचा होता. सत्तेचाळीस वर्षांची मी, त्या वर्गात बाकी सगळी बावीस-तेवीसची पोरं. विषय आयरिश साहित्य, संस्कृती आणि स्थलांतर. पोरांपैकी निम्म्यांचे पणजोबा तिकडून आलेले, आणि त्या आधारावर त्यांना दुष्काळातली भूक, बोट, बटाटा यांविषयी मतं होती. मी या वर्गात का आले? दिवसभर म्हाताऱ्या मिसेस फॅलनची उठबस करायची, त्यांना न्हाऊ घालायचं, औषधं द्यायची, हे करता करता वीस वर्षं गेली, तेव्हा वाटलं, निदान आपल्यासारख्यांवर काय लिहून ठेवलंय ते तरी बघावं. माझा निबंध होता प्रेतजागरावर. मेलेल्याच्या नव्हे, जिवंताच्या. पूर्वी पोरगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री घरात प्रेतजागर मांडायचे. ती मधे बसलेली, भोवती शेजारीपाजारी, दारू, तंबाखू, नाच. पहाटेच्या सुमाराला म्हाताऱ्या बायका तिच्याकडे तोंड करून मढ्यावर रडावं तसं रडायच्या, कारण ती परत यायची नाही हे सगळ्यांना कळत असे. ‘अमेरिकन वेक’ म्हणत त्याला. मी त्यावर अठ्ठावीस पानं लिहिली होती आणि शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: विमानं आली आणि ही प्रथा संपली. ते वाक्य लिहिताना मला माझा जाण्याचा दिवस आठवला होता. आईनं कसलाही जागर केला नव्हता. कशाला करील? तीन महिन्यांची तर गोष्ट होती. उन्हाळ्यापुरतं जायचं, डेलियामावशीच्या ओळखीनं काम करायचं, ऑगस्टअखेर परत. परतीचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं. आई सिंकपाशी उभी राहून तवा घासत होती. त्यात सॉसेज तळून झाले होते, तो एव्हाना लख्ख झाला होता, तरी ती घासत होती. बाबांनी गाडी सुरू केली. मी म्हटलं, ‘आई, निघते.’ ती न वळता म्हणाली, ‘पवित्र पाण्याची बाटली घेतलीस ना? झाकण घट्ट लाव, कपडे भिजतील.’ मग ऑगस्ट आला आणि गेला. मी फोनवर नाताळचं म्हटलं, नाताळला ईस्टरचं. व्हिसा संपला होता. बाहेर पडले असते तर परत येऊ देणार नव्हते, आणि परत यायचंच कशाला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. बावीस वर्षांच्या पोरीला आपण हळूहळू काय करतो आहोत ते दिसत नाही. ती रोज फक्त उद्याचा दिवस पुढे ढकलते.

जिन्याच्या वळणावर जाऊन मी एंडाला फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच वाजून गेलेले असणार. आईला घरी आणलं असणार, बैठकीच्या खोलीत ठेवलं असणार, आणि दारातून माणसांची रांग आत येऊन, तिच्या हाताला हात लावून, स्वयंपाकघरात चहाला जात असणार. तसंच होतं. त्यानं उचलला तेव्हा मागे कपबशांचा नुसता कल्ला चालला होता.

“ॲटी? थांब, बाहेर येतो. घरात पाय ठेवायला जागा नाही.” दार लागलं, वारा ऐकू आला, तेलाच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला असावा. “बोल. बरी आहेस ना?”

“मी मेलेय, एंडा.”

“काय बोलतेस?”

“आईची सूचना वाच. पहिली ओळ.”

वाऱ्यात त्याचं पुटपुटत वाचणं ऐकू आलं. मग, “अरे देवा. हा अंत्यविधीवाला लॅव्हिन! काल त्याच्यासमोर बसलो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं गं. त्यानं विचारलं, आधी कोणकोण गेलंय. मी म्हटलं, आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात यादी आहे, ती घे, मला नको विचारू.”

“कसली यादी?”

“ॲटी, आत माणसं थांबलीत…”

“एंडा, कसली यादी?”

“नोव्हेंबरची.”

नोव्हेंबरची यादी मला सांगावी लागत नाही. लहानपणी ती मीच लिहायची, कारण माझं अक्षर चांगलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी चर्चमधून पाकीट यायचं, त्यातल्या कागदावर घरातल्या मेलेल्यांची नावं भरायची, आणि महिनाभर ते पाकीट वेदीवर राहायचं, म्हणजे फादरच्या रोजच्या प्रार्थनेत त्या आत्म्यांना वाटा मिळायचा. आई नावं सांगायची, आजोबांपासून सुरुवात, आणि मी लिहायची, आधी वहीच्या रेघांच्या कागदावर, मग उतरवून चर्चच्या; वहीचा कागद आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकात राहायचा. एकदा मी आमच्या कुत्र्याचं नाव घातलं तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. आई त्या यादीच्या बाबतीत चेष्टा खपवून घ्यायची नाही.

“माझं नाव त्यात कसं?” मी विचारलं.

“मला काय ठाऊक? आईला तू ओळखतेस.”

“कधीपासून?”

“बाबा गेले त्या वर्षापासून. मी म्हटलं होतं तिला. म्हटलं, आई, ॲटी धडधाकट आहे, दर रविवारी फोन करते. तर म्हणाली, प्रार्थना आहे, विष नाही. तिला लागली तर लागेल, नाही तर दुसऱ्या कुणाला लागेल. असू दे तिथे.”

“आणि तू असू दिलंस.”

“वर्षातून एक कागद, ॲटी! तिला बरं वाटायचं. खरं सांगू का? आधी ती रोज कुढायची. त्या नोव्हेंबरनंतर तुझ्यासाठी रडली नाही कधी.”

बाबा गेले तेव्हा आईनंच मला फोनवर बजावलं होतं, येऊ नकोस, आलीस तर तिकडचं सगळं जाईल, मी समजू शकते. मी ते ‘समजू शकते’ सोळा वर्षं उराशी धरून बसले होते. इतक्या समजूतदार आईची मुलगी म्हणून मला थोडा अभिमानही होता. बाबांना एकोणीस ऑक्टोबरला पुरलं होतं. म्हणजे दहाबारा दिवसांत तिनं पाकीट उघडलं असेल, बाबांचं नाव लिहिलं असेल, आणि पेन खाली न ठेवता पुढचं.

“आज किती माणसं येऊन गेली?” मी विचारलं.

“शंभर-सव्वाशे. का?”

“सगळ्यांनी ती सूचना वाचली असेल.”

“असेल.”

“आणि कुणीच म्हणालं नाही, अरे एंडा, ॲटी तर जिवंत आहे?”

“लोक चहा पीत होते गं,” तो केविलवाणं म्हणाला. “हात हातात घेतात, वाईट झालं म्हणतात, सँडविच घेतात. कोण कशाला…” मग त्यालाच ते कसं वाटतंय ते कळलं. “मी आत्ता लॅव्हिनला सांगून दुरुस्त करवतो.”

“आणि फादरना सांग. उद्या चर्चमध्ये नावं वाचतील.”

“सांगतो म्हटलं ना.”

हे म्हणताना त्यानं मान खाजवली असणार. लहानपणापासून, करणार नसला की तो ‘म्हटलं ना’ म्हणतो आणि मान खाजवतो. पण मला तेव्हा विश्वास ठेवायचा होता. फोन ठेवायच्या आधी तो हळू आवाजात म्हणाला, “संध्याकाळचं विमान आहे ना तुमच्याकडून? सकाळी शॅननला उतरलीस तर बर्नीचा भाऊ येईल घ्यायला. बाराच्या प्रार्थनेला आरामात पोचशील.”

“आणि परत कशी येऊ?”

“परत कशाला जायचंय?” एंडानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

दुपारच्या जेवणाला मी घरी आले. घर म्हणजे डॉर्चेस्टरमधलं मिसेस फॅलनचं तिमजली लाकडी घर, त्यातली मागची खोली माझी. मी आधी तिकीट घेतलं, दोन मिनिटांत मिळालं, सहा दहाचं. मग पलंगाखालून बॅग काढली. पासपोर्ट मी दर दहा वर्षांनी इमानेइतबारे नवा करून घेतला होता; तो कुठेही न गेलेला, कोरा करकरीत पासपोर्ट काळ्या स्कर्टवर ठेवला. भरताना मी मनाशी विचारत होते की इथे आपलं काय अडकलंय. दहा वर्षं आत येऊ देणार नाहीत, नाही तर नाही. काय जाईल? ही खोली. पदवीला उरलेले दोन विषय. हिवाळी कोट, जो तिकडे लागणार नाही. ग्रंथालयाचं कार्ड. माझं लग्न झालं नव्हतं. एक माणूस होता, सात वर्षं, तो न्यू जर्सीला गेला आणि मी कागदपत्रांशिवाय काय म्हणून जाणार म्हणून राहिले. मला वाटायचं मी काहीतरी राखून बसलेय. बॅगेची चेन ओढताना कळलं की राखण चालली होती, पण आत माल नव्हता. आणि तरीसुद्धा छातीत भीती होतीच. ती कशाची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक तिकडच्या दारात उभं राहून, आता मी आले, असं म्हणण्याची असावी.

“बॅग कसली ती?” मिसेस फॅलननी खुर्चीतून विचारलं. वय एक्याण्णव, मूळच्या आयर्लंडातल्या केरीच्या, सत्तर वर्षांपूर्वी रीतसर कागदपत्रांनिशी आलेल्या, कान तिखट. सोमवारी मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी आपल्या खोलीतलं घड्याळ बंद करायला लावलं होतं, आपल्याच घरात कुणी गेल्यासारखं.

“जावं म्हणतेय.”

“मग जा. म्हणतेस काय!”

“दहा वर्षं परत येता येणार नाही, मिसेस फॅलन.”

“दहा वर्षांनी मी असणार आहे का इथे? मग मला कशाला ऐकवतेस?” त्यांनी हात पुढे केला. “सूचना दाखव. केव्हाची बघायचीय, कोण कोण म्हणून लिहिलंय.”

मी फोन दिला. त्यांनी भिंग घेऊन वाचलं, ओठ हलवत, दोन्ही ओळी. मग हसायला लागल्या त्या ठसका लागेपर्यंत. मी पाठ चोळली, पाणी दिलं.

“म्हणजे तू गेलीसच की गं पोरी! आणि मला सकाळी लापशी कुणी भरवली?” डोळे पुसून त्या म्हणाल्या, “मग आता भितेस कशाला? मेलं कोंबडं आगीला भीत नाही. जा, दारात उभी राहा, दोनचार म्हाताऱ्या झीट येऊन पडतील तेवढीच करमणूक.” मी हसले नाही तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “माझी आई गेली तेव्हा मला कागदांची अडचण नव्हती. मी गेले नाही. दुकान होतं, पोरं होती. जा. मला बाथरूमला न्यायला कुणीही मिळतं.” आणि लगेच, “सूप आधी गरम कर.”

वर्गात मी बॅग घेऊनच गेले. टेबलाखाली पायाशी ठेवली. प्रोफेसर लोरेन डर्किन नेहमीसारख्या वेळेआधी येऊन बसल्या होत्या, गळ्यात तो आयर्लंडातल्या मेयोहून आणलेला लोकरी मफलर. बाई मनानं चांगल्या. त्यांची पणजी मेयोची, आणि त्या दर जूनला तिकडे जातात, चार आठवडे राहतात, येताना माझ्यासाठी चहाची पेटी आणतात. मागच्या वर्षी आमच्या गावावरून गेल्या होत्या. म्हणाल्या, ‘अट्रॅक्टा, तुमच्या चर्चला नवं छप्पर घातलंय, तुम्ही पाहिलंत का?’ मी पाहिलं नव्हतं. मी निबंध वाचायला घेतला. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मी वाचत होते की निघणारीला मधल्या खुर्चीवर बसवत, की तिच्या आईनं त्या रात्री तिच्याशी न बोलण्याचा रिवाज होता, की रडणाऱ्या बायका तिचं नाव भूतकाळात घेत. हे सगळं मी पुस्तकांतून काढलं होतं, पानांचे क्रमांक होते. शेवटच्या वाक्यापाशी आले आणि माझ्यानं ते वाचवेना. विमानं आली आणि, एवढं म्हणून मी थांबले. पोरांना वाटलं संपलं. त्यांनी वह्यांवर बोटं वाजवली, इथे टाळ्यांऐवजी तसं करतात. एका मुलानं हात वर केला. “पण त्या मुलीला कसं वाटत असेल? म्हणजे, ती तिथेच बसलेली असते ना?” मी म्हटलं, त्याबद्दल साधनं कमी आहेत.

तेवढ्यात टेबलाखाली फोन थरथरला. एंडा. ‘झालं बघ.’ मी मांडीवरच सूचना उघडली. पहिल्या ओळीत टॉमी आणि डेलिया. दुसऱ्या ओळीत, एंडाच्या नंतर, स्वल्पविराम, ‘मुलगी अट्रॅक्टा, बॉस्टन.’ मला इतकं हलकं वाटलं की त्याची आता किळस येते. नाव जिवंतांत आलं होतं. गावाचं नाव पुढे होतं, म्हणजे मी का आले नाही हे कुणाला विचारावं लागणार नव्हतं. तीन चाळीस झाले होते. त्याच वेळी निघून बस पकडली असती तर विमानतळ गाठता आला असता. मी पायानं बॅग थोडी मागे, खुर्चीखाली सरकवली. निर्णय म्हणावा असं काही घडलं नाही. पायानं बॅग सरकवली एवढंच, आणि वर्ग संपेपर्यंत इतरांची चर्चा ऐकत बसले, मधूनमधून मानही डोलावली.

“शेवटी तुम्ही अडखळलात,” वर्ग रिकामा झाल्यावर प्रोफेसर डर्किन म्हणाल्या. “काही झालंय का?”

मी सांगितलं. आई, सूचना, पहिली ओळ, नोव्हेंबरची यादी. सांगताना कुणाला तरी सांगतेय याचंच बरं वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी माझा हात धरला. “अट्रॅक्टा, किती भयंकर. किती…” आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आवरायचा प्रयत्न करूनही. “तुमच्या लक्षात येतंय का? ती प्रथा संपलीच नाही. तुमच्या आईनं ती केली. एकटीनं, कागदावर, नऊ वर्षं उशिरा.” त्यांनी हात सोडला. “माफ करा. आत्ता हे बोलायची वेळ नाही.”

“असू दे,” मी म्हटलं.

“ती सूचना… दुरुस्त व्हायच्या आधीची, तुमच्याकडे आहे का?”

होती. सकाळीच मी तिचा फोटो काढून ठेवला होता, का कोण जाणे. मी तो त्यांना तिथल्या तिथे पाठवून दिला. त्या म्हणाल्या, हे तुम्हीच लिहायला हवं, दुसऱ्या कुणाला हक्क नाही. माझ्या मनात आलं, शेवटचं वाक्य बदलावं लागेल. आई बैठकीच्या खोलीत पडली होती, आणि माझ्या मनात शेवटच्या वाक्याचा विचार आला. असल्या माणसाला जिवंतांच्या ओळीत घालावं असा आग्रह मी सकाळी धरला होता.

सहा दहाचं विमान कधी उडालं ते मला कळलं नाही. मी तेव्हा मिसेस फॅलनची नखं कापत होते. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, “दुरुस्त केलं त्यांनी. नाव आलं.” त्या म्हणाल्या, “हां. मग झालंच.” आणि दुसरा हात पुढे केला.

सकाळी सातला, म्हणजे तिकडच्या बाराला, मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. आमच्या चर्चमध्ये मागच्या बाल्कनीत कॅमेरा आहे. साथीच्या दिवसांत बसवला तो राहिला. त्यानंतरची दोन वर्षं मी दर रविवारी त्यावरून आईला पाहत असे. सगळ्यांच्या पाठीच दिसतात, वेदीकडे तोंड. उजवीकडून तिसरा बाक, हिरवा कोट. पण प्रसाद घेऊन माणसं परत फिरतात तेव्हा त्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे होतात, आणि आई बाकाशी पोचेपर्यंतची आठदहा पावलं मला तिचा चेहरा मिळे. एंडानं तिला सांगितलं होतं, तिथून ॲटी बघते. ती कधी वर बघायची नाही. मला वाटायचं चर्चमध्ये वर बघणं तिला बरं दिसत नसेल. मग तिला नर्सिंग होममध्ये नेलं आणि तिथे तिला कुणाचीच नावं आठवेनात. आता मधल्या वाटेत तिची शवपेटी होती. पहिल्या बाकावर एंडाची पाठ, मान केस कापल्यानं पांढरी, शेजारी बर्नी, मुलं. त्यांच्यानंतर एका माणसाची जागा मोकळी होती. माझ्यासाठी ठेवली होती की तशीच राहिली होती, ते पाठीवरून कळणं शक्य नव्हतं. मिसेस फॅलन चाकांचा वॉकर ढकलत आल्या आणि न विचारता माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो तसाच ठेवला.

फादर नायजेरियाचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. आईला त्यांनी नर्सिंग होममध्येच काय ते पाहिलेलं. पण बोलले चांगलं. पेगी गिलूलीच्या, म्हणजे आईच्या, हातचा ब्रेड, पेगीचे हंस, पेगीची तिखट जीभ, सगळं कुणाकडून तरी नीट विचारून घेतलं होतं. सगळे हसले तेव्हा मीही हसले, आणि मला वाटलं, आपण आहोत की तिथे. मग याचनांची, म्हणजे एकानं म्हणायच्या आणि सगळ्यांनी साथ द्यायच्या प्रार्थनांची, वेळ आली. घरातलं कुणी वाचायला उठलं नाही, म्हणून फादरनीच पुस्तकातून एक कागद काढला. घडीचा, रेघांचा, वहीचा कागद. छापील पत्रिका नव्हती ती. कॅमेरा लांब होता, पण मला तो कागद ओळखू आला. लॅव्हिननं यादी चर्चमध्ये दिली असणार, आणि ती परत मागायला कुणी गेलं नव्हतं. एंडाचा उजवा हात वर गेला आणि मान खाजवू लागला.

“पेगीच्या आधी गेलेल्यांसाठी,” फादर म्हणाले. आमच्याकडची नावं त्यांना अवघड जातात, त्यांनी घरी सराव केला असावा, कारण एकेक नाव ते जपून, पूर्ण उच्चारत होते. “तिचे पती टॉमी. तिची बहीण डेलिया.” त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “आणि तिची मुलगी, अट्रॅक्टा. त्यांना चिरशांती लाभो. प्रभो, आमचं ऐक.”

मी एंडाच्या पाठीकडे बघत होते. तो उठेल. हात वर करील. निदान मागे वळून कॅमेऱ्याकडे बघेल. त्याचा हात मानेवरून खाली आला आणि मांडीवर गेला. बर्नीनं डोकं हललं न हललं असं खाली घातलं. शंभर-सव्वाशे पाठी, एकही हलली नाही. आणि मग ते सगळे एका सुरात बोलले, नेहमीच्या त्या सपाट, झोपाळू, दर रविवारच्या सुरात. तो सूर लागला की पुढचे शब्द आमच्या तोंडून आपोआप येतात, पाच वर्षांच्या पोरापासून सगळ्यांच्या, देव मानो न मानो. मिसेस फॅलननी छातीवर क्रूस काढला आणि माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा मला कळलं की मीही बोलले होते, स्पष्ट, मोठ्यानं, त्यांच्याबरोबर:

“प्रभो, कृपा करून आमचं ऐक.”